अर्लीचा हुकमाचा पत्ता कुठे टाकायचा? केळीवाल्याच्या पोरीचा फॉर्म आणि लक्ष्मीपूजनाची डेडलाइन

परवाच्या रविवारी आमच्या खानदेशातला कानबाईचा सण होता म्हणून ताईकडे गेलो होतो, चोपडा तालुक्यात. रोटांची पंगत बसली आणि पहिला रोट मोडायच्या आत चार जणांनी मला गाठलं. सगळ्यांचा प्रश्न एकच, भाची अमेरिकेला शिकायला चाललीय ती जवळजवळ फुकट कशी काय, आणि आमच्या पोराचं तसं जमेल का. एक म्हातारे काका तर सरळ म्हणाले, "इतला पैसा कोन देस रे भो फुकट? काहीतरी लिखी लेतस ते." म्हणजे काहीतरी लिहून घेत असतील. गंमत म्हणजे काका अगदीच चुकीचे नव्हते, अर्ली डिसिजन नावाचा जो प्रकार आहे त्यात खरंच लिहून घेतात.

तर आता एकदाच लिहून टाकतो, म्हणजे प्रत्येकाला फोनवर तासभर सांगायला नको. मी काही कन्सल्टंट नाही, जळगावला साधी नोकरी करतो, मामा म्हणून या भानगडीत पडलो आणि ऑगस्ट २०२४ ते फेब्रुवारी २०२५ मध्ये जे कळलं तेवढंच सांगतोय. आणि हे फक्त बारावीनंतर बॅचलर्सला जाणाऱ्या, घरून पैसे देता न येणाऱ्या पोरांसाठी. एमएसवाल्यांचं गणित पूर्ण वेगळं असतं, त्यांनी इथेच थांबलं तरी चालेल.

पहिली गोष्ट, आपल्याकडे सगळ्यांना वाटतं की बारावीचा निकाल लागला की फॉर्म भरू. निकाल लागतो मे महिन्यात, आणि तिकडचं सगळं तोवर संपून गेलेलं असतं. ऑगस्टच्या शेवटाला तिकडे वर्गात बसायचं तर अर्ज आधीच्या नोव्हेंबरात किंवा फार तर जानेवारीत जातो, म्हणजे पोरगं बारावीत असताना, सहामाही चालू असताना. कॉमन ॲप नावाची वेबसाइट आहे, एकच फॉर्म भरून २० कॉलेजांना पाठवता येतो, ती दर वर्षी १ ऑगस्टला उघडते. २०२५ चीही उघडली. म्हणून हे आत्ता लिहितोय, दिवाळीत लिहून काय उपयोग.

आता अर्ली म्हणजे काय. साधारण १ नोव्हेंबरपर्यंत अर्ज आणि डिसेंबरच्या मध्याला निकाल. पण त्यात तीन जाती आहेत आणि लोक तिथेच घोळ घालतात. अर्ली ॲक्शन म्हणजे नुसतं लवकर बघायला जाणं, पसंत पडलं तरी बंधन काही नाही, १ मेपर्यंत विचार करा. एमआयटीचं असं आहे. दुसरं हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनचं, तिथेही बंधन नाही पण त्या काळात दुसऱ्या खासगी कॉलेजात अर्लीचा अर्ज टाकायचा नाही अशी अट. सरकारी विद्यापीठं आणि अमेरिकेबाहेरची चालतात. आणि तिसरं अर्ली डिसिजन, ईडी. ही सुपारी फुटली समजा. घेतलं तर मी येणारच आणि बाकीकडचे अर्ज मागे घेणार, असं पोराने, आईबापापैकी एकाने आणि शाळेने सही करून द्यायचं. ईडी एका वेळी एकाच ठिकाणी टाकता येतं.

आपल्या लग्नात देण्याघेण्याचं बोलणं आधी होतं आणि मग सुपारी फुटते. इथे सुपारी आधी आणि पैशाचा आकडा नंतर! म्हणून ज्यांना पैशाची गरज आहे त्यांना सगळे सांगतात की ईडी करू नका, चार ठिकाणचे आकडे समोर ठेवून तुलना करता येत नाही. हे अर्धं खरं आहे. ईडीत निकालासोबतच एडचा, म्हणजे कॉलेज देणार त्या आर्थिक मदतीचा, आकडा येतो, आणि तेवढ्या पैशात खरंच जाता येत नसेल तर कॉलेजला तसं दाखवून देऊन सुटता येतं, त्याबद्दल काही दंड नाही, कोर्टकचेरी नाही. फक्त "दुसरीकडे जास्त मिळेल" म्हणून सुटता येत नाही. दाजींनी सही करायच्या आधी मला तीनदा विचारलं, "यात जमीन तर कुठे अडकत नाही ना?" नाही अडकत.

आता खरा मुद्दा. वर्षाचा खर्च राहण्याजेवणासकट ८०-९० हजार डॉलर, रुपयांत पाऊण कोटीच्या आसपास. एवढे पैसे मागणारं पोरगं समोर आल्यावर कॉलेज काय करतं? काही कॉलेजं निवड करताना परदेशी मुलाने एड मागितलीय की नाही हे बघतच नाहीत, त्याला नीड-ब्लाइंड म्हणतात, आणि अशी कॉलेजं बोटावर मोजण्याइतकी: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडन, आणि अलीकडे ब्राउन, नोत्र दाम, वॉशिंग्टन अँड ली. ब्राउनने तर हे सुरूच केलं २०२४ च्या अर्जांपासून, म्हणजे भाचीच्याच वर्षी. बाकीची नीड-अवेअर, म्हणजे पैसे मागितले हे बघतात आणि त्यावरून नाव खालीवर होऊ शकतं. पण त्यातलीही बरीचशी, म्हणजे स्टॅनफर्ड, कोलंबिया, ड्यूक, ग्रिनेल, व्हॅसर, वेस्लियन वगैरे, एकदा घेतलं की तुमची जेवढी गरज निघेल तेवढी पूर्ण भरतात. आणि कॅलिफोर्नियाची जी सरकारी विद्यापीठं आहेत, बर्कली वगैरे, तिथे परदेशी मुलाला गरजेवर एड मिळतच नाही, तिथे अर्ली करा नाहीतर मध्यरात्री करा. आमच्या ओळखीतल्या एकाने तीन तशाच ठिकाणी फी भरून अर्ज केले, तिन्हीकडे फीचे डॉलर पाण्यात गेले.

एक किस्सा सांगतो. सुरुवातीला आम्ही जळगावातल्या एका कन्सल्टन्सीवाल्याकडे गेलो होतो. त्याने सल्ला दिला की फॉर्ममध्ये "एड नको" असं टिक करा, ॲडमिशन पटकन होईल, मग तिकडे गेल्यावर एड मागा. दिसायला हुशारीचा सल्ला. पण बहुतेक ठिकाणी हा दरवाजा बंद आहे, स्टॅनफर्ड तर स्पष्ट लिहितं की परदेशी मुलाने अर्जासोबत एड मागितली नाही तर चारही वर्षं मागता येणार नाही. ईडीमध्ये हे केलं असतं तर? येणारच म्हणून सही केलेली, एड शून्य, आणि पाऊण कोटीचं बिल. त्याने एज्युकेशन लोनचं माहितीपत्रकही तयारच ठेवलं होतं टेबलावर, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की याचं पोट कशावर चालतं. तिथून उठलो, रस्त्यावर शेवभाजी खाल्ली आणि ठरवलं की आपणच करू.

मग सुरू झालं भांडण. भाचीच्या डोक्यात येल, कारण नाव ऐकलेलं. गावातले म्हणत की आपल्या इकडून कोण गेलंय, तर ती म्हणायची अमळनेरात फॅक्टरी असलेल्या विप्रोचे अझीम प्रेमजी स्टॅनफर्डला होते की. बरोबर आहे, होते, १९६६ मध्ये वडील गेले म्हणून शिक्षण अर्धवट टाकून परत आले, पण बाई गं, त्यांच्या घरी फीचा प्रश्न नव्हता. असो. माझं म्हणणं होतं की अर्लीचा पत्ता एकच आहे, तो नावावर टाकू नको. येलला लवकर अर्ज केला तरी तू येणार असं वचन काही देत नाहीस, त्यामुळे तुझ्या बाजूने वजन काही पडत नाही, आणि तो पत्ता गेला म्हणून नोव्हेंबरातलं ईडी पण गेलं. शेवटी तडजोड झाली, ईडी टाकायचं पण नीड-ब्लाइंड कॉलेजात. कॉलेजचं नाव सांगत नाही.

आज विचाराल तर मी म्हणेन ती तडजोडच चुकली. नीड-ब्लाइंड हा शब्द ऐकला की पैसे नसलेल्या सगळ्या जगातली हुशार पोरं तिथेच गर्दी करतात, नेपाळ, घाना, व्हिएतनाम, आपण, सगळे. तिथे पैसे मागण्याचा तोटा नाही हे खरं, पण उभं राहायला जागाच नाही. आणि ईडीतून किती टक्के पोरं घेतात ते आकडे बघून हुरळून जायचं नाही, त्या जास्त टक्केवारीत खेळाडू असतात, माजी विद्यार्थ्यांची पोरं असतात, ते आपले भाऊबंद नव्हेत. उलट नीड-अवेअर पण पूर्ण गरज भरणारं एखादं छोटं कॉलेज घ्या, त्यांच्याकडे परदेशी मुलांसाठी पैशाची थैली ठरलेली असते, आणि जिला घेतलं ती नक्की येणार हे माहीत असलं की थैलीतले पैसे त्यांना विचार करून टाकता येतात. नेहमीच्या फेरीच्या निकालासाठी मार्चपर्यंत थांबलं तर त्या थैलीतून आधीच्यांनी किती काढलं ते तुमच्या हातात नाही. हे माझं मत आहे, कुठल्या कॉलेजने मला लिहून दिलेलं नाही. पण पोरगं फार चांगलं असेल आणि अगदी चमत्कार नसेल, तर मी ईडी तिथेच टाकीन.

स्कॉलरशिपवाल्यांसाठी एक वेगळी ओळ: काही ठिकाणी गरजेवर नाही पण गुणांवर मोठी स्कॉलरशिप असते आणि तिची तारीखच लवकरची असते. यूएससीला १ नोव्हेंबरपर्यंत अर्ज नसेल तर त्या यादीत नाव येत नाही, बॉस्टन युनिव्हर्सिटीच्या मोठ्या स्कॉलरशिपांना १ डिसेंबर. नेहमीच्या जानेवारीच्या तारखेवर विसंबून राहिलात तर ॲडमिशन मिळेल, पैसे नाही.

आता कागदं. इथे जरा सावकाश वाचा, कारण निबंध कसा लिहायचा हे सांगणारे इंटरनेटवर हजार आहेत, पण सातबारा कसा दाखवायचा हे सांगणारा मला एकही सापडला नाही.

एडसाठी सीएसएस प्रोफाइल म्हणून फॉर्म असतो, पहिल्या कॉलेजला २५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकाला १६. दहा कॉलेजं धरली तर १६९ डॉलर, चौदा हजार रुपये नुसते "आम्ही गरीब आहोत" हे सांगायला. पण कॉलेजला नम्रपणे ईमेल केला तर काही जण माफीचा कोड देतात, काही म्हणतात त्याऐवजी आयएसएफएए नावाचा फुकटचा फॉर्म भरा. भाचीने नऊ ईमेल टाकले, चौघांनी सूट दिली. लाजायचं नाही. आणि ईडी करणार असाल तर हा फॉर्मही नोव्हेंबरातच जायला लागतो, डिसेंबरात बघू असं नाही.

त्यात उत्पन्न विचारतात. आपल्याकडे शेतीच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स नाही, मग दाजींनी आयुष्यात कधी रिटर्न भरलेला नाही, आणि तिकडे पहिला कागद टॅक्स रिटर्नचा मागतात. मग सेतूतून तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला. आता खरं बोलू का, आपल्या दाखल्यावरचा आकडा कसा लिहिला जातो हे सगळ्यांना ठाऊक आहे. दाजींच्या दाखल्यावर वर्षाचं उत्पन्न ७२ हजार. आणि बँकेच्या पासबुकात केळीच्या एकाच कटिंगचे व्यापाऱ्याने टाकलेले १ लाख ९० हजार. दोन्ही कागद काही न सांगता एकाच फाइलमध्ये गेले असते तर तिकडे बसलेल्या माणसाने काय समजायचं? ताई म्हणाली पासबुक लपव. मी म्हटलं दाखल्यावरचा आकडा बाजूला ठेव. आम्ही दोन रात्री बसून खरा हिशोब मांडला, केळीच्या कांदेबागेची किती खोडं, रोपं, खत, ठिबक, मजुरी, सोसायटीचं पीककर्ज, हातात राहिलं ते. ते आलं ३ लाख ४० हजाराच्या आसपास, आणि तेच लिहिलं. तरीही अमेरिकेच्या हिशोबात ते इतकं कमी आहे की ७२ हजार लिहून वेगळं काही साधलं नसतं, फक्त खोटे पडलो असतो.

पुढचा घोळ जमिनीचा. फॉर्म विचारतो शेताची किंमत किती. सातबाऱ्यावर चार भावांची नावं, खातं सामायिक. रस्त्याकडेच्या जमिनीचे भाव बघून पूर्ण सातबारा लिहिला असता तर दाजी कागदावर करोडपती आणि पोरीला एड शून्य. बापाचा हिस्सा जेवढा तेवढाच लिहायचा असतो. आणि खाली जी स्पष्टीकरणाची चौकट असते ना, ती मोकळी सोडू नका. आम्ही लिहिलं की ही जमीन विकली तर उत्पन्नच बंद होतं, हिस्सा सामायिक आहे, आणि केळीला एका वर्षी भाव लागतो तर पुढच्या वर्षी मे महिन्यातल्या वादळात बाग आडवी होते, त्यामुळे एका वर्षाचा आकडा बघून ठरवू नका. सातबारा, आठ-अ आणि दाखल्याचं इंग्रजी भाषांतर करून जोडलं, दाखल्यावरचा आकडा असा का आहे तेही सरळ लिहिलं. हे सगळं करायला तीन आठवडे गेले. ऑक्टोबरात सुरू केलं होतं, ऑगस्टमध्ये करायला पाहिजे होतं.

सॅट नावाच्या प्रवेशपरीक्षेचं पटकन सांगतो. मध्ये ती ऐच्छिक झाली होती, आता एमआयटी, डार्टमथ, हार्वर्ड, ब्राउन वगैरेंनी परत सक्तीची केलीय. अर्लीसाठी ऑक्टोबरची परीक्षा ही शेवटची समजा. आम्हाला सेंटर मुंबईला मिळालं, रात्रीची गाडी, सकाळी परीक्षा, संध्याकाळी परत. झालं.

आणि शाळा! तिकडे गृहीत धरतात की शाळेत एक काउन्सेलर असतो जो पोराबद्दल पत्र लिहितो, नववीपासूनचे मार्क पाठवतो आणि ईडीच्या करारावर सही करतो. आपल्या ज्युनिअर कॉलेजात हे सगळं प्राचार्यांच्या गळ्यात. त्यांना मी आधी कॉमन ॲप म्हणजे काय इथपासून सांगितलं, बिचारे ऐकून घेत होते, पण त्यांना कॉमन ॲपकडून आलेली लिंक स्पॅममध्ये पडलेली आणि तोवर दिवाळीची सुट्टी लागली. २०२४ ला लक्ष्मीपूजन आणि डेडलाइन एकाच दिवशी आली होती, १ नोव्हेंबर. धनत्रयोदशीला मी मोटरसायकल काढून सरांच्या गावी गेलो, पारोळ्याकडे, सर ओट्यावर बसून कापसाच्या वजनाचा हिशोब करत होते. तिथेच मोबाइलवर लिंक उघडली, त्यांनी सही टाकली, वर मला चकल्या खायला घातल्या. नववीची मार्कशीट मात्र कुठेच नव्हती. दहावीची सगळे लॅमिनेट करून ठेवतात, नववीची कोण ठेवतं हो? ती शाळा उघडल्यावर मिळाली. शाळेकडच्या कागदांना चार दिवस उशीर झाला तर बहुतेक कॉलेजं सांभाळून घेतात, पोराचा स्वतःचा अर्ज मात्र वेळेतच लागतो.

आणि वेळ म्हणजे आपली वेळ. कुणीतरी भाचीला सांगितलं होतं की अमेरिकेत रात्र उशिरा होते, आपल्याला दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मुदत आहे. चूक. कॉमन ॲपमध्ये तुम्ही जिथे बसलाय तिथले रात्रीचे ११:५९ धरतात. आम्हाला हे कळलं लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी साडेसातला. बाहेर फटाके, घरात ताई लाह्या-बत्तासे मांडतेय, लाइट जातायेत येतायेत, आणि ही पोरगी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर शेवटचा निबंध चिकटवतेय. १०:४० ला गेला अर्ज. मग पूजा.

डिसेंबरच्या मध्याला निकाल आला, नाही म्हणाले. डिफर पण नाही, म्हणजे पुढच्या यादीत ढकललं असं पण नाही, सरळ नकार. दोन दिवस पोरगी जेवली नाही. दाजी म्हणाले सोड, पुण्याला इंजिनिअरिंग बघू.

पण एक झालं होतं, सगळी फाइल तयार होती. काही छोट्या कॉलेजांना ईडीची दुसरी फेरी असते, जानेवारीच्या सुरुवातीला अर्ज आणि फेब्रुवारीच्या मध्याला निकाल, बंधन तेच. डिसेंबरात नकार आल्यावर ज्यांनी तेव्हा कागदं गोळा करायला सुरुवात केली असती त्यांना ते शक्यच नव्हतं, बारावीचं प्रॅक्टिकल तोंडावर आलेलं. आम्ही दहा दिवसांत नवीन निबंध तेवढा लिहिला. कॉलेज नीड-अवेअर, पूर्ण गरज भरणारं, गाव एवढंसं की दाजींना नकाशावर दाखवलं तर म्हणाले हे तर आपल्या धानोऱ्यापेक्षा लहान. फेब्रुवारीत, बारावीचे पेपर चालू असताना रात्री मेल आला. घेतलं.

सोबत एडचं पत्र. ट्यूशन, राहणं, जेवण, विमा, वर्षातून एकदा विमानाचं तिकीट. यात थोडं कॅम्पसवर काम करून मिळवायचं, आणि कुटुंबाने वर्षाला २,८०० डॉलर द्यायचे. दाजींनी आकडा ऐकला, डॉलरला ८६ ने गुणायला सांगितलं, आणि मग स्वतःच बोटांवर मोजून म्हणाले, केळीला १५०० चा भाव धरला तर १६० क्विंटल. पाच मिनिटं गप्प बसले. मग म्हणाले, होईल. आणि लगेच, "पण भाव हजारावर आला तर?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, मी म्हटलं दर वर्षी नवीन फॉर्म भरावा लागतो, तेव्हा लिहू.

मे अखेरीस व्हिसाच्या नवीन अपॉइंटमेंट देणंच थांबलं होतं, तेव्हा सगळ्यांचा जीव टांगणीला लागला, पण जुलैमध्ये मुंबईत झालं काम. पुढच्या आठवड्यात निघतेय. बॅगेत कळण्याचं पीठ टाकायचं की नाही यावर ताईचं आणि तिचं अजून चालू आहे.

रोटांच्या पंगतीतल्या त्या चौघांपैकी एकाचं पोरगं खरंच बारावीत आहे, मार्क चांगले, गणितात तर फारच. बाप म्हणाला दिवाळीनंतर बसू निवांत. मी म्हटलं निवांत नाही, २०२५ ची दिवाळी ऑक्टोबरातच आहे, तारखेच्या आधीच शाळा बंद होतील. उद्या सकाळी ११ ला शाळेच्या ऑफिसात जायचं ठरलंय, आधी त्याची नववीची मार्कशीट शोधायची.